फेरो, फेर्रे, तुली, लातुम

संस्कृतात एम.ए. झाल्यावर पुण्यातल्या एका छोट्या वर्गात मी लॅटिन शिकायला जाऊ लागले. लॅटिन क्रियापदाची चार रूपं एका दमात पाठ म्हणायची असतात. ‘प्रेम करणे’चं आमो, आमारे, आमावी, आमातुम लगेच जिभेवर बसलं. मग आलं फेरो, फेर्रे, तुली, लातुम. अर्थ वाहणे, आणणे, सोसणे.

पहिल्या दोन रूपांशी ओळख चटकन पटली. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला ‘भ’ असतो तिथे लॅटिनमध्ये ‘फ’ येतो. भ्राता तिकडे फ्रातेर, तसंच ‘भरामि’चं फेरो. आपला भार त्याच धातूचा. पण भूतकाळातलं ‘तुली’ कुठून आलं?

सरांनी फळ्यावर ‘तुला’ लिहिलं. हा धातूच वेगळा, उचलण्या-पेलण्याचा. आपलं तोलणं त्याच कुळातलं. प्लाउतुसच्या नाटकांत ‘तेतुली’ असं जुनं रूप सापडतं, म्हणजे ‘बभार’मध्ये असतं तसं द्वित्वसुद्धा! लातुमही याच धातूचं. मुळात ते त्लातुम, पुढे सुरुवातीचा ‘त्’ गळाला. व्याकरणाच्या पुस्तकांत या क्रियापदावर ‘अनियमित’ असा शिक्का असतो. मला तो शब्द पटत नाही. दोन धातूंनी एक क्रियापद वाटून घेतलंय, इतकंच. आपणही ‘जातो’ म्हणतो आणि भूतकाळात ‘गेलो’. पाणिनी काही ठिकाणी ‘अस्’च्या जागी ‘भू’ आणतो. लॅटिनच्या ‘असणे’तही वर्तमानात सुम, भूतकाळात फुई, आणि मुळं तीच, अस् नि भू. हे कळल्यावर मी घोकंपट्टी सोडली आणि रूपं जुळवत बसले. त्यात रात्र कशी सरली कळलं नाही.

उपसर्ग लागले की खरी मौज. ‘पलीकडे नेणे’ या अर्थाचं त्रान्सफेरो घ्या. इंग्रजीतलं ट्रान्सफर त्याच्या पहिल्या रूपातून आलं, ट्रान्सलेट शेवटच्या रूपातून. बदली आणि भाषांतर, मूळ क्रियापद एकच.

‘दूर नेणे’ म्हणजे आउफेरो, आब्स्तुली, आब्लातुम. लॅटिनमध्ये पंचमीसारख्या विभक्तीला आब्लातिवुस म्हणतात, ते या शेवटच्या रूपावरून. इकडे पंचमीचं कारक अपादान. अप, आ आणि दा मिळून अर्थ होतो दूर घेणं. रोमच्या व्याकरणकारांना पाणिनी ठाऊक नव्हता. तरी झाडावरून पडणाऱ्या पानात दोघांनाही तेच दिसलं, आणि त्या दिवशी आमचा उरलेला तास याच एका गोष्टीवर बोलण्यात गेला.