किंमत आणि मूल्य

समीक्षेच्या तासाला 'किंमत' आणि 'मूल्य' हे शब्द आपण काटेकोरपणे वेगळे करतो. बाजारात मात्र ते सर्रास एकच मानतो. या दोहोंतील अंतर मला एका जुन्या डिजिटल कॅमेऱ्याने दाखविले.

उदगीरच्या किल्ल्यातील अरबी-फारसी शिलालेखांची छायाचित्रे विद्यार्थ्यांसाठी हवी होती. नवा कॅमेरा आवाक्याबाहेरचा. म्हणून २००६ साली बाजारात आलेला निकॉन डी-४० वापरलेला घेतला. क्षमता अवघी ६ मेगापिक्सेल. आजचा साधा मोबाईलही आकड्यांत त्याला मागे टाकतो. तथापि ३००८ गुणिले २००० बिंदूंचे त्याचे चित्र इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने छापले, तरी सुमारे १० बाय ६.७ इंचांचे होते. ग्रंथाच्या पानाला एवढे पुरून उरते.

असा कॅमेरा अर्थातच पारखून घ्यावा लागतो. भिंगातून विजेरीचा झोत टाकला की आतली बुरशी दिसते. मोकळ्या आकाशाचे चित्र काढले की संवेदकावरच्या धुळीचे डाग उमटतात. या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, त्यामुळे बरीच जुनी भिंगे हातानेच जुळवावी लागतात. शिलालेखाला त्याची अडचण नाही. तो हलत नाही.

झिजलेली अक्षरे तिरप्या उन्हात उठून दिसतात, आणि ते ऊन कोणत्याही कॅमेऱ्याला सारखेच मिळते. नव्या कॅमेऱ्यासाठी पैसे साठेपर्यंत आपल्याला थांबता येते. दगडावरच्या अक्षरांची झीज थांबत नाही.