फुगा कुणी उचलला?

वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते, तेव्हा चैत्राचं ऊन माथ्यावर असतं आणि गर्दीच्या वर फुग्यांचा झुबका डुलत असतो. एखाद्या लेकराच्या मुठीतून दोरा निसटतो, फुगा बघता बघता ठिपक्याएवढा होतो, आणि मोठी माणसं सांगून मोकळी होतात की आत हलका गॅस होता, म्हणून गेला वर. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. त्यात उचलणाऱ्याचं नावच येत नाही. फुग्याला उचलते भोवतालची हवा, आणि तिला ते बळ मिळतं तिच्या वजनातून. ज्या ओढीनं पिकला आंबा झाडाखाली पडतो, त्याच ओढीमुळे फुगा आभाळात चढतो. ऐकायला हे उफराटं वाटेल, म्हणून हिशेब मांडून पाहावा.

समुद्रसपाटीला, 15 अंश सेल्सिअस तापमानात घनमीटरभर हवा सव्वा किलो भरते. वाशिमचं पठार साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यात एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकलेला. तिथं तेवढीच हवा किलोच्या जरा वर भरेल. 30 सेंटिमीटर व्यासाचा गोल फुगा सुमारे 14 लिटर जागा अडवतो. तेवढ्या जागेतली हवा 15 ग्रॅमची. फुग्याचं रबर 3 ग्रॅम धरलं आणि आतला हायड्रोजन जेमतेम 1 ग्रॅम, तर सगळा ऐवज 4 ग्रॅमचा झाला. हवेचा खालचा थर वरच्या थरांचा भार सोसत असतो, म्हणून फुग्याच्या बुडाशी दाब माथ्यापेक्षा किंचित जास्त असतो. त्या किंचित फरकाचा रेटा बरोबर 15 ग्रॅमचा. त्यातले 4 फुग्याच्या वजनात जातात, उरलेले 11 त्याला वर नेतात. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीवरच्या भोपळ्याला पाणी असंच रेटतं.

कुणी म्हणेल, शेवटी श्रेय वायूच्या हलकेपणाचंच ना? तसं असतं तर हेलियमचा फुगा फार मागे पडायला हवा होता, कारण हेलियम हायड्रोजनच्या दुप्पट जड. प्रत्यक्षात या फुग्यात 1 ग्रॅमऐवजी 2 ग्रॅम वायू बसतो आणि 11 ग्रॅमची उचल 10 वर येते, एवढंच. चंद्रावर तर हवाच नाही. तिथं हायड्रोजनचा फुगा दगडासारखा खाली येईल. वायूचं काम जागा अडवून स्वतः कमी भरण्याचं. उचलण्याचं काम हवेचं. या एका ग्रॅमला यात्रेत मोल आहे. कॉस्टिक सोडा, ॲल्युमिनियमचे तुकडे आणि पाणी लोखंडी टाकीत घालून हायड्रोजन स्वस्तात तयार करतात, पण तो ठिणगीनं पेटतो आणि टाकीही फुटू शकते. हेलियम महाग खरा, पण तो पेटत नाही. लेकरांच्या गर्दीत ती टाकी नसावी, यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

दुसरी शंका जास्त खोल आहे. वर हवा विरळ होत जाते, तर फुग्याची उचलही विरत जायला हवी. पण बाहेरचा दाब घटतो तसा आतला वायू पसरतो, फुगा जास्त जागा अडवतो, आणि विरळ झालेली हवा मोठ्या जागेत भरून वजन जवळपास तेवढंच राहतं. म्हणून हवामान खात्याचा रबरी फुगा तुटेपर्यंत ताणला जाऊन फुटतो, तोवर चढतच राहतो. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडते ते फुगे पातळ पॉलिथिनचे, ताणले न जाणारे. ते पुरते फुगले की जादा वायू खालच्या वाटांनी बाहेर पडतो आणि 30 ते 42 किलोमीटरवर भार आणि रेटा यांचा मेळ बसून ते तरंगतात. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली अशाच फुग्यानं 41 किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणवून त्यांत सूक्ष्मजीव शोधले. वाशिम हैदराबादहून सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वाऱ्याबरोबर हे फुगे इकडेही येऊ शकतात. त्यांची पॅराशूटला टांगलेली उपकरणं शेतात उतरलेली दिसली, तर हात न लावता पोलिसांना कळवावं.

मग यात्रेतला फुगा दुसऱ्या दिवशी जमिनीवर का लोळतो? रबराच्या सूक्ष्म छिद्रांतून हायड्रोजन झिरपतो, फुगा आक्रसतो, आणि त्यानं बाजूला सारलेल्या हवेचं वजन त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा कमी होतं. चढणं आणि उतरणं यांना दोन वेगळी कारणं लागत नाहीत. तीच बेरीज-वजाबाकी, फक्त आकडे बदलतात. मे महिन्यात तापलेल्या काळ्या रानावरची हवा पसरून हलकी होते, भोवतालची जड हवा तिला वर रेटते, आणि पुरेसा ओलावा असला तर दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात. ते याच हिशेबानं. म्हणून लेकराला पूर्ण उत्तर द्यायला हवं. फुगा आपोआप वर जातो असं ऐकून वाढलेल्याला हवा म्हणजे रिकामी जागा वाटते. हवेनं तो उचलला हे ज्याला उमगलं, त्याला वारा, ढग आणि पाऊस ही एकाच वजनदार वस्तूची कामं म्हणून दिसू लागतात. पावसावर पेरणी ठरवणाऱ्या मुलखात ही दृष्टी लहानपणीच मिळायला हवी.