सांडव्यांचा भूगोल

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांवर लिहायला बसले की आकड्यांचा मोह आवरत नाही, आम्हा भूगोलवाल्यांना तर नाहीच. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारिओ या पाचांचा पृष्ठभाग सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर आणि पाणी जवळपास २२,७०० घनकिलोमीटर, म्हणजे आपल्या धरणांच्या हिशेबात आठ लाख टीएमसी. जगात जमिनीवर उघडे असलेले जेवढे गोडे पाणी आहे, त्याचा हा साधारण पाचवा हिस्सा. आकडे खरे आहेत, तरी ते दिशाभूल करतात असे माझे मत आहे. धरण किती मोठे आहे हे साठ्यावरून कळते. ते कसे वागेल हे सांडव्याच्या उंचीवर ठरते. या सरोवरांचेही तसेच आहे. त्यांचा इतिहास, त्यांच्यावरून होणारी भांडणे आणि त्यांचे भवितव्य खोऱ्यांत कमी आणि पाणी जिथून बाहेर पडते त्या चार-दोन अरुंद जागांत अधिक दडलेले आहे.

पायऱ्या पाहा. सुपीरियर समुद्रसपाटीपासून सुमारे १८३ मीटरवर. सेंट मेरीज नदीने सातेक मीटर उतरले की मिशिगन आणि ह्युरॉन; पुढे सेंट क्लेअर आणि डेट्रॉइट नद्यांवाटे जेमतेम दोन मीटर खाली ईरी; आणि मग नायगारापाशी एकदम शंभरेक मीटरची उतरण, खाली ओंटारिओ. ही रचना कायमची वाटते, पण ती भूशास्त्राच्या मानाने कालची आहे. हिमयुगातील प्रचंड हिमस्तर उत्तरेकडे मागे सरकू लागला तेव्हा त्याच्या कडेला वितळलेले पाणी तुंबले आणि जिथे काठ सखल होता तिथून वाहू लागले. एके काळी मिशिगनच्या जागी असलेले सरोवर आजच्या शिकागोजवळच्या खाचेतून मिसिसिपीकडे रिकामे होत होते. नंतर ह्युरॉनचे पाणी उत्तरेला, आजच्या नॉर्थ बे गावापासून ओटावा नदीकडे जाऊ लागले. मात्र बर्फाच्या भाराने दबलेली जमीन भार उतरताच वर येऊ लागली, उत्तरेकडे अधिक वेगाने. तो सांडवा उचलला गेला, बंद पडला आणि पाणी दक्षिणेला सेंट क्लेअरकडे वळले. जमिनीचे हे उचलणे अजून चालू आहे.

मिशिगन आणि ह्युरॉन यांच्यामध्ये तर उंबरठाच नाही. सुमारे आठ किलोमीटर रुंदीच्या मॅकिनॉ सामुद्रधुनीने ती जोडलेली आहेत आणि दोघांची पातळी एकच असते. माझ्या निकषाने ते एकच सरोवर, सुपीरियरपेक्षा विस्ताराने बरेच मोठे. यावर आक्षेप येतो की मग दोन नावे काय उगाच पडली? उगाच नाही. मिशिगन हे आडवळणाला पडलेले खोरे आहे. मुख्य प्रवाह त्यातून जातच नाही, त्यामुळे तिथले पाणी बदलायला ह्युरॉनपेक्षा कितीतरी जास्त वर्षे लागतात. पातळीचा प्रश्न असेल तर सरोवर एक, प्रदूषणाचा असेल तर दोन. सुपीरियरचे पाणी पूर्ण पालटायला सुमारे १९० वर्षे लागतात, उथळ ईरीचे तीन वर्षांच्या आत. म्हणूनच ईरी शेतातील खतांमुळे लवकर बिघडते (२०१४ मध्ये टोलेडो शहराला शेवाळातील विषामुळे नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले), पण घाण रोखली तर सुधारतेही लवकर.

आता तो पाचवा हिस्सा. एवढ्या पाण्यातून थोडे उचलले तर काय बिघडले, हा प्रश्न कोरड्या पश्चिमेकडून अधूनमधून येतो आणि तो मूर्खपणाचा नाही. उत्तर सेंट लॉरेन्स नदीत आहे. पाचही सरोवरे मिळून तिच्यात वर्षाकाठी जे पाणी सोडतात, ते साठ्याच्या एक टक्क्याच्या आसपास भरते. बाकी सारे हिमयुगाने कोरलेल्या खळग्यांत बसलेले आहे. पाणलोटातील जमीन सरोवरांच्या पृष्ठभागाच्या जेमतेम दुप्पट, त्यामुळे भर घालणाऱ्या नद्या लहान. आणि शरद-हिवाळ्यात कोरडी थंड हवा उबदार पाण्यावरून वाहते तेव्हा बाष्पीभवन पुष्कळसे परत नेते. तो एक टक्काही रिकामा नाही. नायगाराची वीज, जहाजांचा मार्ग, माँट्रियल आणि पुढची खाडी त्याच्यावरच चालतात.

यापेक्षा वजनदार आक्षेप वेगळा आहे. जानेवारी २०१३ मध्ये मिशिगन-ह्युरॉनची पातळी नीचांकावर होती आणि २०२० पर्यंत ती पावणेदोन मीटरांहून जास्त वर चढली. निसर्गच एवढे हेलकावे देतो तर माणसाने उचललेल्या काही सेंटीमीटरांची काय मातब्बरी? फरक असा, की पावसाअभावी उतरलेली पातळी पावसाने भरून येते, सांडवा खोल केला तर ती परत येत नाही. जहाजांसाठी आणि वाळू-खडीसाठी सेंट क्लेअर नदीचा तळ खणत गेल्याने मिशिगन-ह्युरॉन कायमचे एका फुटाहून अधिक उतरले. त्यासाठी कोणी पाण्याचा एक नळही टाकला नव्हता. शिकागोची गोष्ट याच जातीची. १९०० मध्ये शहराने कालवा खोदून आपली नदी उलटी फिरवली, म्हणजे हिमयुगातला बंद सांडवाच पुन्हा उघडला. १९६७ पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचल सेकंदाला सुमारे ९१ घनमीटरवर बांधून ठेवली आहे. उलट बाजूने कॅनडाने १९४० च्या दशकात हडसन उपसागराकडे जाणारे पाणी सुपीरियरमध्ये वळवले, तेही शिकागोच्या उचलीहून अधिक. बेरीज जमते खरी, पण ती माणसांनी दरवाजे राखले तोवरच.

सरोवरांकाठच्या आठ अमेरिकी राज्यांच्या २००८ च्या कराराने म्हणूनच रेषा जलविभाजकावर ओढली: खोऱ्याबाहेर पाणी न्यायचे नाही, अपवाद मोजके. मिशिगनच्या पश्चिम काठापासून ही रेषा इतकी जवळ जाते की वॉकेशा हे शहर पाण्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर असूनही खोऱ्याबाहेर पडते. त्याला २०१६ मध्ये परवानगी मिळाली ती वापरलेले पाणी शुद्ध करून रूट नदीतून सरोवराला परत देण्याच्या अटीवर. थोडे दक्षिणेला, इलिनॉयमध्ये, जोलिएट शहराने शिकागोमार्गे याच सरोवराचे पाणी घेण्याचा करार केला आहे. त्याला परतफेडीची अट नाही, कारण ते न्यायालयाने ठरवलेल्या शिकागोच्या वाट्यात मोजले जाते, आणि वापरानंतर ते जुन्या हिमयुगीन वाटेने मिसिसिपीला मिळणार आहे.