मरता येणारं जनावर

पडद्यावरचं जनावर पाळणं म्हणजे पाळणंच नव्हे, असं माझं मत होतं आणि आमच्या पिशोर गावात चारचौघांत मी ते ठासून सांगत असे. ज्याचं शेण काढावं लागत नाही, ज्याला सरकीची ढेप घालावी लागत नाही, पावसात ज्याला ओढून गोठ्यात न्यावं लागत नाही, ते कसलं जनावर? आमच्या भागात मका, कपाशी आणि अद्रकीवर घरं चालतात. ट्रॅक्टर आले तशा दावणी रिकाम्या होत गेल्या. वासरामागे धावायच्या वयाची पोरं मोबाईलमधल्या मांजराला दूध पाजू लागली. याचा मला राग होता. तो अजूनही आहे, पण आता तो सगळ्याच खेळांवर नाही.

माझी पुतणी असंच एक मांजर पाळायची. भुकेची पट्टी खाली आली की फोन वाजायचा. त्याला जेवू घाल, आंघोळ घाल, झोपव, नाणी मिळव, नाण्यांत त्याला टोपी घे; नाणी संपली तर एक जाहिरात बघ.

"आठ दिवस त्याच्याकडे बघितलंच नाहीस तर काय होईल गं?" मी विचारलं.

"काही नाही काका, रुसून बसंल. खायला दिलं की झालं."

मग 2022 साली जनावरांत लम्पीची साथ आली. सप्टेंबरात राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचली जाऊ लागली. आमच्या कालवडीच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठल्या, पाय सुजले, तोंडातून लाळ गळू लागली. पुतणी हिरवा मका हातात घेऊन तिच्या तोंडापुढे धरून बसायची. कालवड हुंगायची आणि मान वळवायची. "काका, हिला काय दिलं की ही उठंल?" हे ती सारखं विचारत होती. कालवड गेली. खायला दिलं की सगळं ठीक होतं, हे या पोरीला त्या मांजरानंच शिकवलं, असं तेव्हा माझ्या मनानं घेतलं आणि माझं मत आणखी घट्ट झालं.

ते हललं माझ्या भाच्यामुळे. तो संभाजीनगरला कॉम्प्युटरचं शिकतो. सुट्टीत लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही जनावरं वागवलेला माणूस. जरा हे बघा." खेळाचं नाव क्रीचर्स. स्टीव्ह ग्रँड नावाच्या इंग्रज माणसानं तो रचला आणि 1996 साली तो बाजारात आला. त्यात नॉर्न नावाचे मोठ्या डोळ्यांचे प्राणी अंड्यातून बाहेर पडतात. त्यांनी काय करायचं हे कुणी आधी लिहून ठेवलेलं नाही. या खेळातल्या नॉर्नच्या डोक्यात साधारण हजारभर कृत्रिम चेतापेशींचं जाळं आहे. अंगात रसायनं आहेत, त्यांतून भूक, भीती, वेदना तयार होतात. आईबापांची जनुकं पिल्लात उतरतात आणि उतरताना थोडी बदलतातही.

आम्ही एका पिल्लाला खाण्याची वस्तू दाखवून रोमन अक्षरांत 'भाकर' असं टाइप केलं. बऱ्याच खटपटीनंतर ते स्वतःहून भाकर म्हणू लागलं. नीट वागलं तर नाकाला गुदगुल्या, चुकलं तर पाठीमागे चापट, एवढंच आपल्या हातात. गोऱ्हा पहिल्यांदा औताला लावताना मी नेमका इथेच असतो. त्याला समजावून सांगता येत नाही, मारून मुटकून तर तो कायमचा बिथरतो. तो जुवाखाली एक पाऊल सरळ टाकतो तेव्हा मानेवरून हात फिरवायचा आणि पुढच्या पावलाची वाट बघायची. पडद्यासमोर तशीच वाट बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हे पाळणंच आहे.

आमचं पिल्लू पुढे आजारी पडलं. या खेळात जंतू आहेत आणि त्यांच्याशी लढणारी प्रतिद्रव्येही. औषध दिलं, ते वाचलं, मोठं झालं, त्याला पिल्लं झाली, आणि म्हातारपणानं ते मेलं. नॉर्नचं सगळं आयुष्यच काही तासांचं. पुतणी शेजारी बसलेली होती. तिनं विचारलं, "दादा, हे परत येतं का?" तो म्हणाला, "नाही. याची पिल्लं आहेत, ती सांभाळ." ती सांभाळू लागली.

तेव्हापासून मी म्हणतो की खोट बिनहाडामांसाच्या जनावरात नाही. जे मरूच शकत नाही, त्याची काळजी करता येत नाही, एवढंच खरं. 1996 सालीच जपानमध्ये बांदाई कंपनीनं तामागोची आणलं, अंड्याएवढं, तीन बटणांचं. दुर्लक्ष केलं तर ते मरायचं, आणि त्यासाठी पोरं वर्गात व्याकूळ होतात म्हणून कितीतरी शाळांनी त्यावर बंदी घातली. पूर्वी मला ती बंदी पटली असती. आता वाटतं, त्या पोरांचा जीव कशावर तरी खराखुरा जडला होता. सोनीच्या आयबो या यंत्रकुत्र्याची दुरुस्ती 2014 मध्ये बंद झाली, त्यानंतर जपानमधल्या इसुमी शहरातल्या कोफुकुजी मंदिरात या कुत्र्यांसाठी अंत्यविधीच्या प्रार्थना झाल्या. ऐकून मला नवल वाटलं नाही. ज्यांच्या दावणीला बैल नाही ती माणसं आपल्याकडेही पोळ्याला मातीचे बैल आणून पाटावर मांडतात, पुरणपोळीचा घास त्यांच्या तोंडाशी नेतात. त्या घरांत कुणाला ते खोटं वाटत नाही.

तरी एक फरक मी सोडणार नाही. नॉर्नला दुखतं का, याचं उत्तर मला ठाऊक नाही. कालवडीला दुखत होतं, ते मी पाहिलं. म्हणून पडदा गोठ्याच्या जागी नको.

पिशोरच्या आणि आसपासच्या आईबापांना माझी विनंती आहे. पोराच्या मोबाईलमधलं जनावर एकदा स्वतः शेजारी बसून बघा. ते सारखं बोलावून जाहिराती दाखवत असेल आणि कधीच मरत नसेल, तर काढून टाका. ते जन्मत, शिकत, आजारी पडत, मरत असेल, तर पोराला खेळू द्या, आणि ते मेलं म्हणून पोर रडलं तर हसू नका. घरात एखादी शेळी असेल तर तिच्या पाण्याची बादली त्याच पोराच्या हाती द्या.