सांध्यांचं घर

घर बघायला आलेला माणूस आधी भिंतीवर टिचकी मारतो. मग त्याचे वडील मारतात. पत्र्याचा आवाज ऐकून दोघं एकमेकांकडे बघतात आणि वडील विचारतात, “साहेब, हे टिकणार किती वर्षं?” मी उत्तर टाळत नाही, पण प्रश्न जरा सरकवतो. भिंत कशी आहे ते कारखान्यातच ठरून येतं. घर कसं होणार ते ठरतं दोन पॅनेल एकमेकांना भिडतात तिथे, पॅनेल जोत्यावर टेकतं तिथे, खिडकीच्या चौकटीभोवती आणि छताच्या कडेला. तिथे कुणी टिचकी मारून बघत नाही.

पफ पॅनेल म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे, गॅल्व्हनाइझ करून रंग चढवलेले दोन पोलादी पत्रे आणि त्यांच्यामध्ये कारखान्यातच ओतून फुगवलेला पॉलियुरेथेनचा फोम. फोमची घनता घनमीटरला ४० किलोच्या आसपास. ५० मिलिमीटर जाडीचं पॅनेल चौरस मीटरला १० किलोच भरतं. दोन्ही अंगांनी गिलावा केलेली नऊ इंची विटेची भिंत तेवढ्याच क्षेत्रफळाला ४५० किलोच्या पुढे जाते. उष्णता अडवण्याच्या बाबतीत गणित उलटं आहे. त्या ५० मिलिमीटर फोमची बरोबरी करायची तर वीटकाम दीड मीटरहून जाड करावं लागेल. हे आकडे विक्रेते तोंडपाठ सांगतात आणि ते खरेही आहेत. फक्त ते पॅनेलच्या मधल्या भागाचे आहेत, कडांचे नाहीत.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे पॅनेल माणसांसाठी आलंच नाही. ते आलं द्राक्षांसाठी. १९९१ मध्ये महाग्रेप्सची स्थापना झाली, निर्यातीच्या द्राक्षांना प्रीकूलिंग आणि शीतगृह लागू लागलं, आणि निफाड-पिंपळगावच्या बाजूला पांढऱ्या भिंतींच्या खोल्या उभ्या राहिल्या. तासगाव-सांगलीकडे बेदाण्यासाठी तेच झालं. माझं शिक्षण त्या खोल्यांमध्ये झालं आणि ते घरांच्या कामात रोज उपयोगी पडतं. शीतगृहात सांधा चुकला की शिक्षा लगेच मिळते. बाहेरची दमट हवा फटीतून आत शिरते, थंड पत्र्याला लागते, पाणी होतं, पाण्याचं बर्फ होतं, बर्फ फुगतं आणि सांधा आणखी उघडतो. फिटर सकाळी दार उघडतो तेव्हा कोपऱ्यात पांढरी रेघ दिसते. घरात तोच सांधा दोन-तीन पावसाळे गप्प बसतो.

इथे परदेशी माहितीपत्रकं वाचून काम करणारे फसतात. थंड प्रदेशात घराच्या आत गरम आणि बाहेर गार, म्हणून बाष्प आतून बाहेर जाऊ पाहतं आणि ते अडवायचा थर आतल्या बाजूला लावतात. रत्नागिरीत एसी लावलेल्या खोलीत सगळं उलटं होतं. दमट आणि गरम बाहेर, गार आत. म्हणून सीलंटची मुख्य ओळ बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यात हवी. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे आतून सिलिकॉनची सुबक रेघ ओढली होती आणि बाहेरून सांध्याला नुसती पट्टी रिव्हेट केली होती. ओल आत येत राहिली आणि बाहेर पडायची वाट मात्र बंद. जिप्सम बोर्डाच्या मागे काळी बुरशी धरली तेव्हा दोष पॅनेलला लागला.

पत्रा तापतो आणि वाढतो, हेही सांध्यालाच सोसावं लागतं. मे महिन्यातल्या दुपारी गडद निळा किंवा मातकट लाल पत्रा सत्तर अंशांपर्यंत जातो, आत मात्र एसी चालू असतो. दोन्ही पत्र्यांच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर तीन मीटर उंचीचं ५० मिलिमीटरचं पॅनेल मध्यावर जवळजवळ एक सेंटीमीटर बाहेर फुगू पाहतं. संध्याकाळी परत सरळ होतं. हे रोज. स्क्रू आवळून पॅनेलला हलायला जागाच ठेवली नाही, तर त्या ओढाताणीत पत्रा फोमपासून सुटतो आणि भिंतीवर फोड येतात. यावर सगळ्यांत स्वस्त उपाय फिकट रंगाचा आहे. तरीही दर दोन गिऱ्हाइकांमागे एकाला ‘चॉकलेटी’च हवा असतो, आणि रंगाच्या बाबतीत इंजिनिअरचं घरात फारसं कुणी ऐकत नाही.

आता वजनाची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः स्वतःच्या भिंतींखाली. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर धाब्याचा मातीचा थर. भूकंपाचं बळ इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतं. चाळीसपट हलक्या भिंतीवर ते चाळीसपट कमी. म्हणून भूकंपाच्या पट्ट्यात मी हलक्या घराची बाजू मोकळेपणाने घेतो. पण तीच बाजू कोकणात घेऊन गेलो तर मला तोंडघशी पडायला वेळ लागणार नाही. मुंबई किंवा नागपूरसाठी आपलं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, सेकंदाला ४४ मीटरचा मूळ वाऱ्याचा वेग धरायला सांगतं. त्याचा दाब होतो चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. छताच्या पॅनेलचं स्वतःचं वजन दहा-बारा किलो. छताच्या कोपऱ्यांवर आणि कडांवर वारा खालून ढकलण्यापेक्षा वरून ओढतो आणि तिथे हे बळ आणखी वाढतं. म्हणजे छत खाली बसतं कसं, हा प्रश्नच नसतो. ते वर जायचं कसं थांबतं, हा असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा सुपारी-नारळाच्या बागांबरोबर घराघरांवरचे पत्रे गेले. त्यानंतर मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी पत्रा फाटलेला नव्हता, सांगाडाही वाकलेला नव्हता. स्क्रू सुटले होते, किंवा सांगाडा जोत्याला धरणारे अँकर बोल्ट पुरेसे खोल नव्हते. हलकं घर हवं असेल तर काँक्रीट जमिनीत जास्त लागतं. हे ऐकून गिऱ्हाईक नाराज होतं, कारण ‘पाया लागत नाही’ असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं.

किनाऱ्यावर खारी हवा आणखी एक हिशेब मागते. पत्र्याच्या सपाट भागाला लेप असतो, कापलेल्या कडेला नसतो. त्यातून साइटवर खिडकीचं भोक ग्राइंडरने पाडायची सवय. ग्राइंडरच्या ठिणग्या आजूबाजूचा रंग जाळतात, कडेचा जस्ताचा थर उडवतात आणि फोमही भाजतात. जिगसॉने किंवा निबलरने कापलं तर वेळ थोडा जास्त जातो, कड स्वच्छ राहते. ड्रिलचा कीस झाडून काढला नाही तर पहिल्याच पावसात भिंतीवर तांबडे ओघळ येतात आणि मालक फोन करून सांगतो की नवीन घर गंजलं. गंजलेला असतो कीस. पण दोन वर्षं तो तसाच राहिला तर खालचा पत्राही गंजतो. जोत्यावर पॅनेल थेट टेकवू नये. काँक्रीटची निदान सहा इंचांची कड उचलून त्यावर यू चॅनेल, म्हणजे पागोळीचं पाणी उडून पॅनेलच्या तळाशी साचत नाही. उंदीर आणि मुंग्यांसाठीही हीच काळजी. फोम किंवा थर्माकोल उघडं दिसलं की त्यांना घरकुल योजनेची वाट बघावी लागत नाही.

सांध्यांचा हा प्रश्न नवा नाही. पोलादी भिंतींच्या घरांचा एक गाजलेला प्रयोग अमेरिकेत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले, घरं नव्हती, आणि कार्ल स्ट्रँडलंड या उद्योजकाने सरकारी कर्ज घेऊन ओहायोतल्या कोलंबसला विमानांच्या जुन्या कारखान्यात घरं बनवायला सुरुवात केली. कंपनीचं नाव लस्ट्रॉन. आत-बाहेर मुलामा दिलेल्या, दोन फूट चौकोनी पोलादी तावांच्या भिंती, मागे काचतंतूचं इन्सुलेशन. रंगवायचं नाही, वाळवी नाही, ओल्या फडक्याने पुसून काढायचं. १९५० मध्ये कंपनी बुडाली तोवर सुमारे अडीच हजार घरं बनली होती. कारणांची यादी मोठी आहे, पण बांधकामवाल्याच्या नजरेतून मला एकच दिसतं: एका घराचे तीन हजारांहून जास्त सुटे भाग होते. म्हणजे तितके सांधे, आणि ते जुळवणारी माणसं गावोगावी नवखी. त्यातली बरीच घरं आजही उभी आहेत, माणसं राहतात, आणि भिंतीवर चित्र टांगायला लोहचुंबक वापरतात, कारण खिळा मारता येत नाही.

आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर लगेच दिल्लीत सरकारी गृहनिर्माण कारखाना सुरू झाला होता. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी. ऑटो कोनिग्सबर्गर हा जर्मन वास्तुविशारद त्यामागे होता. फेसाळ काँक्रीटचे तयार ताव बनवायचे होते; ते तडकले आणि घरांचा तो बेत फसला. कारखाना पुढे हिंदुस्थान प्रीफॅब म्हणून दुसऱ्या कामांकडे वळला.

लस्ट्रॉनच्या लोहचुंबकावरून आठवलं. मराठी घरात भिंतीवर काय काय टांगलं जातं याचा विचार पॅनेल बनवणारे करत नाहीत. भोरकडच्या एका घरात पॅनेल उभी राहिली आणि आजींनी विचारलं, “बाळा, देव्हारा कुठं ठोकायचा?” प्रश्न अगदी बरोबर होता. अर्धा मिलिमीटर पत्र्यात स्क्रू बसतो, पण समईसकट लाकडी देव्हाऱ्याचा भार पेलत नाही. पत्रा फोमवरून उकलतो. गीझर, टीव्ही, किचनच्या ट्रॉलीवरची कपाटं, दिवंगतांचे काचेचे फोटो, कॅलेंडर यांच्या जागा आम्ही आता नकाशावरच विचारून घेतो आणि तिथे पत्र्यामागे प्लायवूड किंवा चौकोनी पोलादी नळी आधी बसवतो. पाण्याची टाकी छतावर कधीच नाही. तिला वेगळा मनोरा.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज मोडायला हवा. पॅनेल उष्णता अडवतं, साठवत नाही. जुन्या वाड्याची दगडी भिंत दिवसभर ऊन पोटात घेते आणि रात्री सोडते. पॅनेलचं घर थर्मासच्या बाटलीसारखं, आत जे ठेवाल ते तसंच राहील. एसी असेल तर उत्तम: छोटा एसी पुरतो आणि लवकर बंद होतो. पण विदर्भात कूलर असतो, आणि कूलरला समोरची खिडकी उघडी लागते. बाहेरची हवा एकीकडून ओढायची आणि दुसरीकडून सोडायची असेल तर भिंतीतला फोम निम्मा बिनकामाचा ठरतो. तिथे मी छताला ८० मिलिमीटरचं पॅनेल, भिंतींना साधं, आणि भोवती रुंद पडवी असा सल्ला देतो. छतावरचं ऊन अडलं आणि भिंतीवर सावली पडली की निम्मं काम झालं. पडवीचे पैसे मात्र पॅनेलच्या कोटेशनमध्ये कधीच नसतात.

आगीबद्दल लपवाछपवी करू नये. पॉलियुरेथेन जळतं, आणि दाट काळ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात. दक्षिण कोरियात इचॉनला जानेवारी २००८ मध्ये एका शीतगृहाला आग लागून ४० कामगार गेले. त्या इमारतीत असाच फोम होता. आग पत्र्याआड सरकते, बाहेरून दिसत नाही. म्हणून स्वयंपाकघर आणि मीटर बोर्डाच्या भिंतीसाठी मी रॉकवूलचं पॅनेल मागवतो. जड असतं, महाग असतं, उष्णता अडवायला थोडं कमी, पण जळत नाही. वायरिंग फोममध्ये तशीच खुपसायची नाही, कॉन्ड्यूटमधूनच न्यायची. थर्माकोल भरलेलं पॅनेल राहत्या घराला मी सांगत नाही. ते स्वस्त असतं, एवढंच त्याचं कौतुक.

आणि एनए, ग्रामपंचायत, परवानगी. पॅनेलचं घर उचलून नेता येतं म्हणून परवानगी लागत नाही, असं सांगणारा मिस्त्री प्रत्येक तालुक्यात भेटतो. राहायला पक्कं घर उभारायचं तर परवानगी लागते. भिंत कशाची आहे, हा प्रश्न तिथे नंतर येतो.

राहिलं शेवटचं, ज्याचं उत्तर आमच्या धंद्याकडे अजून नाही. १ जानेवारी २०२० पासून भारताने ओझोनला घातक असलेलं एचसीएफसी-१४१बी हे रसायन फोम फुगवण्यासाठी वापरणं बंद केलं, ते चांगलंच झालं. पण त्याआधी बनलेली पॅनेल शीतगृहांत आणि साइट ऑफिसांत हजारोंनी उभी आहेत. ती मोडली की भंगारवाला पत्रा घेतो. फोम घेत नाही, आणि पत्र्याला चिकटलेला फोम सोडवायचा त्रासही कुणी घेत नाही. बांधाला ढीग पडतो. नवीन कामात मी गिऱ्हाइकाला सांगतो की शक्य तिथे रिव्हेटऐवजी स्क्रूने जोडू. पॅनेल सबंध निघाली तर गोठ्याला, पोल्ट्रीला, दुसऱ्या खोलीला लागतात. कामाच्या कंत्राटात आता एक कलम घालतो: पहिल्या दसऱ्याला, पाऊस ओसरल्यावर, आमचा फिटर येऊन प्रत्येक सांधा, प्रत्येक स्क्रूखालचा रबरी वॉशर आणि जोत्याची कड तपासणार, आणि त्याचे पैसे आधीच घेतलेले असणार. पहिल्यांदा हे वाचून लोक म्हणतात, “घर नवं आहे, कशाला?” मी सही घेतो आणि तारीख लिहून ठेवतो.