अर्धविरामापर्यंतचं पत्र

माझ्या नावाने छापून गेलेली चूक आधी सांगतो. आमच्या भागातल्या एका स्मरणिकेत मी लिहिलं होतं की, चौकच्या टेकडीवरचा धारावीचा किल्ला मुंबईचे इंग्रज गव्हर्नर हॉर्न यांनी १७३७ साली बांधला. पुरावा म्हणून शिलालेखाचा दाखलाही दिला होता. शिलालेख खरा आहे, गव्हर्नर खरा आहे आणि सालही बरोबर आहे. पण तो किल्ला आमचा नाही. तो मुंबईच्या धारावीतला, मिठी नदीच्या काठचा काळा किल्ला.

भाईंदर पश्चिमेचा डोंगरी, उत्तन, पाली, चौक हा सगळा पट्टा जुन्या कागदांत धारावी बेट म्हणून येतो. चौकच्या टेकडीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे वसईचा कोट समोर दिसतो. तिथे तोफा चढवल्या की समुद्राकडून वसईला येणारी वाट धोक्यात येते. म्हणून चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत या टेकडीसाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले. मे १७३९ मध्ये वसई पडली, त्याआधीच धारावी मराठ्यांच्या हाती आली होती. मुंबईची धारावी त्या वेळी इंग्रजांच्या बेटाच्या उत्तर टोकाला होती. १७३७ मध्ये ठाणं मराठ्यांनी घेतलं आणि माहीमच्या खाडीपलीकडे साष्टीत मराठे दिसू लागले. आपली हद्द राखायला इंग्रजांनी काळा किल्ला बांधला तो याच साली. साल एक, नाव एक, पण धास्ती दोन वेगवेगळ्या सत्तांची होती. (आमच्या गावाच्या नावाचंही तसंच आहे. डोंगरी म्हटलं की बाहेरच्यांना मुंबईचीच डोंगरी आठवते.)

ही गफलत नुसत्या अज्ञानातून झाली असती तर तिच्यावर एवढं लिहिलं नसतं. छपाईच्या आधी मला सावध करण्यात आलं होतं.

वसईच्या बाजूला राहणारे एक निवृत्त शिक्षक पेशवेकालीन कागद वाचण्यात मुरलेले होते. मी त्यांना सर म्हणत असे. आमचा पत्रव्यवहार टपालाने चाले. मी लेखाचा कच्चा खर्डा त्यांना पाठवला. त्यांचं उत्तर असं होतं: ‘लेख चांगला बांधला आहे, शिलालेखाचा आधार पक्का आहे; पण तो शिलालेख तुमच्याच टेकडीवरचा आहे का, हे आधी जाऊन पाहा.’ मी लेखात लिहिलं, ‘वसईच्या एका ज्येष्ठ अभ्यासकांच्या मतेही शिलालेखाचा आधार पक्का आहे.’ अर्धविरामापर्यंतचं वाक्य घेतलं आणि पुढचं गाळलं.

टेकडी माझ्या घरापासून फार लांब नाही. तरी मी गेलो नाही. याचं कारण मला तेव्हाही आतून ठाऊक होतं. आमची वस्ती बहुतेक ईस्ट इंडियन ख्रिस्ती. घरात मराठीच बोलतो, प्रार्थना मराठीत करतो, पण वसईच्या मोहिमेचा विषय निघाला की बैठकीत अवघडलेपण येतं. कुणी आम्हाला पोर्तुगीजांच्या बाजूचे धरतं, कुणी आम्हीच विजयाच्या मिरवणुकीत का नाही म्हणून विचारतं. त्या युद्धात आपले पूर्वज नेमके कुठे उभे होते, हा प्रश्न घराघरांत बाजूला सारलेला. अशा वेळी टेकडीवरचा किल्ला इंग्रजांचा निघाला तर सगळ्यांचीच सुटका होती. तिसऱ्यानेच बांधलेली भिंत, तिच्यावरून भांडायचं कुणी? मला ते उत्तर हवं होतं. म्हणून सरांचा प्रश्न मला नको झाला.

या वागण्याची लाज मला खरी वाटली ती पुढे, दुसऱ्यांचा पत्रव्यवहार वाचताना. जदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई या इतिहासकारांची पत्रं हरिराम गुप्तांनी संपादित करून छापली आहेत. एक बंगाली, एक मराठी, आणि स्नेह अनेक दशकांचा. पेशवे दप्तरातल्या कागदांचे पंचेचाळीस खंड सरदेसाईंनी संपादित केले, तेव्हा पुण्यातल्या अभ्यासकांशी त्यांचे मतभेद झाले. सरकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, पण स्नेह आहे म्हणून चूक दाखवायचं त्यांनी कधी सोडलं नाही. लढाईबद्दल लिहायचं तर ती जागा पायाखाली घालावी, यावर दोघांची निष्ठा होती. उतारवयातही ते रणभूमी पाहायला एकत्र हिंडले. मी मात्र माझ्याच गावची टेकडी चढलो नव्हतो.

दुसरं उदाहरण फार दूरचं आहे, पण माझ्या अवघडलेपणाच्या ते अधिक जवळ आहे. अमेरिकेच्या यूटा प्रांतात ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज इथे मॉर्मन पंथाच्या लोकांनी पश्चिमेकडे निघालेल्या सुमारे १२० स्थलांतरितांना मारलं. त्या भागात दीर्घकाळ हा विषय दबलेला होता. त्यावर पहिलं कसून लिहिलेलं पुस्तक १९५० मध्ये आलं ते हुआनिता ब्रूक्स यांचं. त्या स्वतः श्रद्धावान मॉर्मन होत्या, त्याच मुलखात शिकवत होत्या. त्यांच्या लेखनाची पानं डेल मॉर्गन हा अभ्यासक वाचत असे. चौदाव्या वर्षी मेंदूज्वराने त्याची श्रवणशक्ती गेली होती, त्यामुळे मित्रांशी त्याचा बहुतेक संवाद पत्रांतूनच होई. तो लांबलचक पत्रं लिहून कच्च्या जागा दाखवी आणि ब्रूक्स पुन्हा लिहायला बसत. आपल्याच माणसांबद्दल नकोसं खरं लिहिताना त्यांनी कठोर वाचक जवळ केला. मला तसा वाचक मिळाला होता, आणि मी त्याचं अर्धं वाक्य कापून स्वतःच्या लेखाला ठिगळ लावलं.

स्मरणिका निघाल्यावर सरांची पत्रं बंद झाली. माझ्या लेखातला मजकूर एका विद्यार्थ्याने प्रकल्पात उतरवला, गावच्या एका कार्यक्रमात सूत्रसंचालकाने वाचून दाखवला. मग मी टेकडीवर गेलो. तिथे हॉर्नच्या नावाचा दगड नाही. मुंबईला काळ्या किल्ल्यापाशी जाऊन तिथला लेख वाचला आणि तसाच वसईला निघालो.

सर रागावले नाहीत. मला पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत त्यांच्याकडे तारखेप्रमाणे फाइलला लावलेली होती. माझ्याकडे त्यांची पत्रं विखुरलेली, काही हरवलेली. त्यांनी ते पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “माझं मत छापायचं तर सगळं छापा, नाहीतर छापूच नका.” मग पेशवे दप्तराचा सोळावा खंड, वसईच्या मोहिमेचा, माझ्या हाती दिला. धारावीचा उल्लेख कुठे आणि कोणत्या संदर्भात येतो, हे त्यांनी मला एका बैठकीत वाचायला लावलं. चिमाजी अप्पांच्या माणसांनी जिच्याबद्दल लिहिलं आहे ती धारावी आमचीच. वसईचा मोर्चा, खाडीवरच्या होड्या, दाणागोटा, दारूगोळा यांच्या बोलण्यात ती येते. पोर्तुगीजांची बाजू वाचायची तर पांडुरंग पिसुर्लेकरांच्या १९६७च्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’कडे जावं, हेही त्यांनीच सांगितलं. गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा तो ग्रंथ आहे.

त्यानंतर आमचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. आता मी प्रती ठेवतो. कुणाच्या पत्रातला मजकूर छापायचा असेल तर आधी संपूर्ण उतारा त्यांना पाठवून परवानगी घेतो, आणि त्यांची शंका असेल तर ती माझ्या विधानाच्या शेजारीच ठेवतो. या टेकडीवर मराठे आणि पोर्तुगीज लढले, आणि आमचे लोक त्या दोघांच्या मधे राहत होते, शेती करत होते, मासे मारत होते. हे मी आता डोंगरीतल्या बैठकीत तसंच सांगतो. काहींना ते आवडत नाही. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

चूकदुरुस्ती छापायला स्मरणिकेच्या पुढच्या अंकात जागा मिळाली नाही, म्हणून ती इथे करतो आहे. ज्यांच्या घरी तो अंक असेल त्यांनी माझ्या लेखाच्या समासात पेन्सिलीने एवढं लिहून ठेवावं: ‘हॉर्नचा शिलालेख मुंबईच्या धारावीतल्या काळ्या किल्ल्यावरचा आहे, चौकच्या टेकडीवरचा नाही. अभ्यासकांनी लेखकाला छपाईआधीच जागा पाहून यायला सांगितलं होतं.’