लाईट गेल्यानंतर

ऑपरेटिंग सिस्टीम कशी आहे हे ती सुरळीत चालू असताना कळत नाही. चालू मशीनवर सगळ्याच गुणी वाटतात. मधेच लाईट जाते, पडदा काळा होतो, तासा-दोन तासांनी लाईट येते आणि आपण बटण दाबतो. तेव्हा ती काय करते, यावर मी तिची परीक्षा करतो. डोंबिवलीत राहून कॉम्प्युटरचा छंद जोपासला की माणूस असाच विचार करायला लागतो.

बाहेरच्यांना वाटतं, मुंबईला लागून असलेल्या शहरात कसलं आलंय भारनियमन! पण मुंबई बेटावरची वीज वेगळी आणि आमची वेगळी. जून 2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, आणि पुढची काही वर्षं कल्याण-डोंबिवलीकरांनी वर्तमानपत्रात आधी भारनियमनाचं वेळापत्रक पाहिलं, मग बाकीच्या बातम्या. कुठल्या भागाची गळती किती, वसुली किती, यावर गट पाडलेले असत. आमच्या सोसायटीच्या फलकावर ते वेळापत्रक पाण्याच्या वेळेच्या शेजारी लावलेलं असे. वेळेवर गेलेल्या लाईटचा त्रास नव्हता, मशीन आधीच बंद करून ठेवता येई. त्रास वेळापत्रकाबाहेर जाणाऱ्या लाईटचा होता, आणि ती त्याआधीही जातच होती.

माझं पहिलं मशीन त्याच्या बरंच आधीचं, विंडोज 98 चं. लॅमिंग्टन रोडवर भाग निवडून असेंबल करून घेतलेलं. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरणाऱ्या कुणाच्याही तोंडी लॅमिंग्टन रोडच.) सेलेरॉन प्रोसेसर, 32 एमबी रॅम, चार जीबीच्या आसपासची हार्ड डिस्क. मॉनिटर कल्याण लोकलच्या मालडब्यातून आणला. भाजीच्या टोपल्यांमध्ये तो खोका ठेवायला तिथल्या मावशींनी सरकून जागा करून दिली होती.

त्या मशीनवर लाईट गेली की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू व्हायचा. पिवळी पट्टी हळूहळू पुढे सरकायची आणि घरातले सगळे तिच्याकडे बघत बसायचे. बहुतेकांना ती एक नसती कटकट वाटे. मला तिथेच पहिल्यांदा कळलं, की फाईल म्हणजे एका जागी ठेवलेली वस्तू नव्हे. तिचे तुकडे डिस्कभर पसरलेले असतात आणि कुठल्या तुकड्यानंतर कुठला, याची नोंद एका तक्त्यात असते. तक्ता लिहिता लिहिता वीज गेली तर तुकडे जागेवरच राहतात, पण ते कुणाचे हे सांगणारी नोंद नसते. असे बेवारस तुकडे स्कॅनडिस्क गोळा करायचा आणि सी ड्राइव्हमध्ये फाईल0000 डॉट सीएचके अशा नावांनी ठेवून द्यायचा. लोक त्या फायली कचरा समजून उडवून टाकत.

शेजारच्या एका निवृत्त शिक्षिका काकू तेव्हा त्यांच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम करत होत्या. एका संध्याकाळी लाईट गेली आणि परत आल्यावर त्यांचा लेख उघडेना. दुकानातून आलेल्या मुलाने पाहिलं आणि सांगितलं, फॉरमॅट मारावा लागेल. काकू माझ्याकडे आल्या, "अरे, फॉरमॅट म्हणजे सगळंच जाणार ना रे?" मी त्यांच्या मशीनवरच्या सीएचके फायली एकेक करून नोटपॅडमध्ये उघडायला लागलो. एकीत चौकोन आणि वेड्यावाकड्या चिन्हांमध्ये रोमन अक्षरांचा एक लांबलचक ठोकळा दिसला. कुठल्याच भाषेत न बसणारा, पण मधेमधे जागा सोडलेल्या, परिच्छेद पाडलेले. काकू शिवाजी फाँटमध्ये टाइप करायच्या. तेव्हाच्या मराठी फाँटची युक्ती अशी, की कॉम्प्युटरच्या लेखी सगळी रोमन अक्षरंच. फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवलेले. तो ठोकळा उचलून वर्डमध्ये टाकला, सगळा निवडला आणि फाँट बदलला. पडद्यावर 'मुख्याध्यापक' असा शब्द उमटला आणि काकूंनी खुर्ची पुढे ओढली. लेखाचा शेवटचा भाग मिळाला नाही, तो त्यांनी पुन्हा लिहिला. पण फॉरमॅट मारावा लागला नाही.

तेव्हापासून फॉरमॅट या उपायाबद्दल माझं मत पक्कं आहे. तो दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ वाचवतो, मशीनवाल्याचा ऐवज घालवतो. मशीन का पडलं हे कळल्याशिवाय ते पुसून टाकणं मला मान्य नाही.

ऑक्टोबर 2001 मध्ये विंडोज एक्सपी आली आणि एनटीएफएस ही फाईल सिस्टीम घराघरांत पोचली. त्याच महिन्यात रेड हॅट लिनक्स 7.2 ने ईएक्सटी3 आणली. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी मिळत, त्यावरून मी लिनक्स टाकून पाहत असे. आधीच्या ईएक्सटी2 वर लाईट गेली की पूर्ण डिस्कची तपासणी व्हायची आणि कधीकधी ती मधेच थांबून रूट पासवर्ड मागायची. या दोन नव्या फाईल सिस्टीममध्ये सारखं काय होतं ते वाचून मला फार आनंद झाला. किराणा दुकानदार आधी कच्च्या वहीत खरडतो आणि मग सावकाश खतावणीत उतरवतो, तसं या सिस्टीम करत: कुठली नोंद बदलणार आहोत ते आधी एका वेगळ्या जागी लिहायचं, मग प्रत्यक्ष बदल करायचा. मधेच लाईट गेली तर उठल्यावर कच्ची वही उघडायची, पूर्ण लिहिलेलं उतरवून घ्यायचं, अर्धवट सोडून द्यायचं. तासाचं काम काही सेकंदांत. यात न साठवलेला मजकूर वाचत नाही, तो गेलाच. पण तक्ता शाबूत राहतो. ज्यांनी हे रचलं ते डोंबिवलीपासून फार लांबचे लोक, पण आमच्यावर त्यांचे उपकार आहेत.

एक्सपीत आणखी एक गोष्ट होती. मंगल फाँट आत होता, युनिकोडही होतं, पण मुळात भारतीय लिपींची सोय बंद असे. मराठी पान उघडलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहायची. कंट्रोल पॅनलमध्ये प्रादेशिक भाषांच्या खिडकीत एका चौकोनात टिक करायची, एक्सपीची सीडी घालायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं, बस्स. सीडी ज्याच्याकडे, त्याला त्या काळात इमारतीत मान होता. मी ठाण्यात नोकरीला होतो तेव्हा वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून सुटल्यावर नौपाड्यातल्या मित्रांकडे ही टिक करून देत फिरायचो. मराठी विकिपीडिया 2003 मध्ये सुरू झाला होता. टिक झाली की तो उघडून दाखवायचा. वेलांटी आपल्या जागेवर आलेली पाहून माणसं जी खूश होत, तेवढी नव्या मॉनिटरनेही होत नसत.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा पसरला. नेटला जोडलं की खिडकी यायची, साठ सेकंद उलटे मोजायची आणि मशीन आपोआप बंद. फोनच्या तारेवरून नेट वापरणाऱ्याला साठ सेकंदांत उपायाची फाईल उतरवणं शक्य नव्हतं. रनमध्ये जाऊन 'शटडाऊन वजा ए' टाइप केलं की मोजणी थांबे. ते वाक्य मी किती जणांना फोनवरून अक्षर-अक्षर सांगितलं असेल! शेजाऱ्यांशी ओळखी होण्याचं एक कारण तो किडाही आहे.

मग आला 26 जुलै 2005. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. उल्हास नदीने कल्याणच्या सखल भागात काय केलं, ते तिथल्या लोकांना विचारावं. पाणी ओसरल्यावर कल्याण पश्चिमेच्या एका तळमजल्यावरच्या ओळखीच्या घरून निरोप आला. कॅबिनेट रात्रभर पाण्यात होतं. उघडलं तर एसएमपीएसच्या पंख्यात चिखल आणि मदरबोर्डवर वाळलेल्या पाण्याची रेघ. घरातल्या ताईंनी एवढंच सांगितलं, "बाळाच्या वाढदिवसाचे फोटो त्यात आहेत, बाकी गेलं तरी चालेल." अल्बमही भिजून एकमेकांना चिकटले होते, म्हणजे ते फोटो आता फक्त त्या डिस्कवर.

ओल्या डिस्कला वीज द्यायची नाही, हे पहिलं. हार्ड डिस्क हवाबंद असते असं बरेच जण समजतात. प्रत्यक्षात तिच्या झाकणावर एक बारीक श्वासछिद्र असतं, आतल्या बाजूला गाळणी लावलेलं. आतला नि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. तिथून पाणी आत गेलं असेल तर काही करता येत नाही. खालच्या हिरव्या बोर्डाचे चांदणीच्या डोक्याचे स्क्रू काढले. बोर्ड आणि डिस्क यांच्यामधल्या टाचणीसारख्या संपर्कांवर चिखलाचा पातळ थर बसला होता. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणलं, मऊ ब्रशने थर काढला, बोर्ड काही दिवस सुकू दिला. मग जम्पर स्लेव्हवर सरकवून डिस्क माझ्या लिनक्स मशीनला जोडली. विंडोजला जोडली असती तर तिने आपणहून तपासणी आणि दुरुस्ती सुरू केली असती; आजारी डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ नये. लिनक्सला 'फक्त वाच' सांगता येतं. डिस्क फिरली. पूर्ण डिस्कची प्रत काढायला सोडून दिली, वाचता न येणाऱ्या जागा वगळून पुढे जात ती रात्रभर चालली. बरेचसे फोटो आले. काही अर्धेच: वर केक आणि टोपी घातलेलं बाळ, खाली करडा रंग. ताईंनी ते अर्धेही छापून घेतले.

पाऊस, दमट हवा आणि आमच्याकडे एमआयडीसी. गंधकाचा अंश असलेल्या वायूंनी तांबं आणि चांदी काळवंडते, हे रसायनशास्त्र आहे. एमआयडीसीच्या निवासी विभागातून आलेल्या मशीनच्या रॅमचे संपर्क मला नेहमी जास्त काळे दिसले. खोडरबर घासायचा, पुन्हा बसवायची, लांब बीप थांबतो. एसएमपीएसवर संशय असेल तर हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरतो का बघायचं. तारीख मागे जात असेल तर सीआर2032 सेल बदलायचा. चुकीच्या तारखेमुळे बँकेचं पान उघडत नाही आणि लोक व्हायरस शोधत बसतात. 2000 नंतरच्या काही वर्षांत मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगायची साथ आली होती. सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे आत वायू तयार होऊन डोकी वर यायची. त्याच मायक्रोफॅरडचे, 105 अंशांचे नवे कपॅसिटर लॅमिंग्टन रोडच्या गल्लीत काही रुपयांना मिळत. चालता बोर्ड भंगारात जाण्यापासून वाचवला, की दिवस चांगला गेला असं मला वाटे.

भारनियमन पुढे ओसरलं. पण 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी कळवा-पडघे वाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. करोनामुळे सगळे घरून काम करत होते. विंडोज 10 अपडेट होत असताना कॉम्प्युटर बंद करू नका असं सांगते. पण बंद करणारा आपण नसतो. ज्यांची मशीन अपडेटच्या मधोमध पडली, त्यांच्यातली बहुतेक पुन्हा उठून स्वतःच मागच्या स्थितीवर परत गेली. 98 ची ती पिवळी पट्टी पाहिलेल्या माणसाला हे पाहून बरं वाटतं.

आता 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-अपडेट थांबली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्यामुळे आय5 चे, 8 जीबी रॅमचे धडधाकट डेस्कटॉप नियमात बसत नाहीत म्हणून भंगारवाल्याकडे निघालेत. हे मला मुळीच पटत नाही. मी ती मशीन मागून घेतो, सेल बदलतो, एसएसडी बसवतो, लिनक्स मिंट टाकतो आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यांना, छोट्या वाचनालयांना देतो. आधी जुन्या मालकाचा ऐवज पेन ड्राइव्हवर काढून त्याच्या हातात. मेनू मराठीत, इन्स्क्रिप्टचा कळफलक चालू. देण्यापूर्वी एक चाचणी ठरलेली: फायलींची मोठी प्रत काढायला लावायची आणि ती निम्म्यावर असताना भिंतीवरचं बटण बंद करायचं. पुन्हा चालू केल्यावर मशीन विनातक्रार लॉगिनपर्यंत पोचलं आणि जुन्या फायली सगळ्या उघडल्या, तरच ते घराबाहेर पडतं. सध्या टिळकनगरमधल्या एका वाचनालयाचं मशीन टेबलावर आहे. पहिल्या चाचणीत ते उठलं नाही. एसएसडीची केबल सैल निघाली. नवी केबल उद्या आणतो.